गुरुवारचे थेंब

मी शिवणकाम करते. कुठे शिकायला गेले नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले. त्यामुळे कुठला टाका खरा आणि कुठला नुसता दाखवायला घातलाय, हे आपल्याला लगेच कळतं, असा माझा समज होता.

माझी नात तीन महिने आधीच आली. वजन जेमतेम किलोभर, म्हणून आम्ही तिला मूठभरच म्हणायचो. सात आठवडे काचेच्या पेटीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. लेकीला धीर एवढाच, की त्या विभागात तिची मावशी, म्हणजे माझी धाकटी बहीण, नर्स होती. अशा बाळांच्या डोळ्यामागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, वेळेत लेसर केला नाही तर पडदा सुटून नजर जाते, हे आम्हाला धाकटीनंच समजावलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर दर गुरुवारी येत. त्याआधी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायचे. दहा दहा मिनिटांनी, तीनदा.

"झाली तपासणी," चौथ्या आठवड्यात ती म्हणाली. "थेंब मीच घातले. निवांत राहा, ताई."

निवांत राहिलो.

मूठभर घरी आली आणि धाकटी भेटायला आली. सकाळचं ऊन पाळण्यावर होतं. उन्हात पोरीच्या बाहुल्या तिळाएवढ्या व्हायच्या. दिवसभर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. धाकटीनं तिला उचललं आणि त्या बाहुल्या पसरल्या. पसरत गेल्या. बुबुळाची नुसती कड उरली.

"मावशी आवडली हो तिला," लेक म्हणाली.

धाकटी हसली नाही.

ती गेली, बाहुल्या लहान झाल्या. चार वेळा आली, चारही वेळा हेच. मी पाळणा दुसऱ्या खिडकीशी नेऊन पाहिला, फिरवून पाहिला, धाकटीच्या ओढणीच्या रंगावरही संशय घेतला. चौथ्या वेळी उशी ओली दिसली. डोळ्यांच्या कडेपासून कानांपर्यंत दोन बारीक ओघळ. पोर रडली नव्हती. ओघळांना औषधाचा वास होता.

मी पुसले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा आले तशी धाकटी पर्स घेऊन उठली.

"बस की, चहा टाकते," लेक म्हणाली.

"नको गं, उशीर होतोय."

मी दवाखान्याचं कार्ड काढलं. 'डोळे तपासणी'पुढे निळी बरोबरची खूण होती. डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी.

"सही कुठंय?"

"राहिली असेल. घाईत असतात ते."

"आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. चल."

ती आली.

तिथल्या नर्सनं थेंबांची बाटली उघडली आणि थांबली. "घरूनच घालून आणलेत का?"

मी धाकटीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "उजवा लेसरनं वाचेल. डाव्याचा पडदा पूर्ण सुटलाय. महिन्याभरापूर्वी का नाही आणलं?"

लेक आत रडत होती. बाहेर बाकावर धाकटी म्हणाली, "मी थेंब घालायचे विसरले. डॉक्टर थांबले नाहीत. बोलणी बसली असती, म्हणून खूण करून टाकली. पुढच्या गुरुवारी करून घेऊ म्हटलं. मग तू इतकी निवांत दिसलीस, ताई."

लेकीनं तिला घर बंद केलं. मीही.

उजवा डोळा वाचला. डाव्याला उजेडही कळत नाही. टॉर्च मारला तरी बाहुली हलत नाही.

आज गुरुवार. मूठभर खिडकीकडे बघत पडली होती.

मग फक्त तिचा डावा डोळा वळला. हळूहळू, बंद दाराकडे. बाहुली पसरली.

मी मशीन थांबवलं. आतून कडी लावली.

बेल वाजली नाही. जिन्यावर कुणीतरी उभं होतं, मग पावलं उतरू लागली. डोळाही भिंतीआडून त्यांच्यासोबत खाली खाली वळत गेला, पायरी पायरीनं. खिडकीखाली, बाहेरच्या फरशीच्या रोखानं येऊन थांबला.

मी खाली वाकून पाहिलं नाही. उशी डावीकडे ओली झाली होती. पुसली, आणि घड्याळाकडे बघत बसले.

दहा मिनिटांनी दुसरा ओघळ आला.