लाल पेटीसमोरचा डनार्ट

“थांब! हा उंदीर नाहीये.”

केतकीने दोन्ही हात पसरून टिपण्या या यंत्रमानवाची वाट अडवली. त्याच्या हातात पिंजरा होता.

“वजन पंधरा ग्रॅम. टोकदार तोंड, मोठे कान, लांब शेपटी,” टिपण्या शांतपणे म्हणाला. “उंदीर. खात्री चौऱ्याण्णव टक्के.”

सन २०६८. दक्षिण ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या उंदरांनी गव्हाची शेतं फस्त केली होती. टिपण्या रोज सकाळी पिंजरे गोळा करी. त्याच्या लाल पेटीत गेलेला प्राणी परत येत नसे. अकरा वर्षांची केतकी सुट्टीत आजोबांच्या संशोधन केंद्रावर आली होती. आरडाओरडा ऐकून आजोबा चहाचा कप घेऊनच बाहेर आले.

“कशावरून म्हणतेस?”

“त्याने गव्हाला तोंडही लावलं नाही, आजोबा. टोळ मात्र कराकरा खाल्ला!”

“टोळ उंदीरही खातो. नुसत्या जेवणावरून कुळी ठरत नाही. दात बघू.”

त्यांनी कापडात धरताच त्या चिमुकल्याने रागाने जबडा वासला. केतकी भिंग घेऊन वाकली.

“उंदराला पुढे वर दोन, खाली दोन छिन्नीसारखे दात असतात,” आजोबा म्हणाले. “इथे?”

“वर... आठ! खाली सहा. बारीक, टोकदार. बाजूला सुळे!”

“म्हणजे कुरतडणारा नव्हे, शिकारी. आता मागचा पाय. बँडिकूट नावाच्या इथल्या प्राण्यालाही असे पुष्कळ बारीक दात असतात, पण त्याची दोन बोटं जुळलेली असतात.”

“याची सगळी सुटी आहेत.”

“आता पोट.”

पोटावरच्या घडीत तांदळाच्या दाण्याएवढे गुलाबी जीव वळवळत होते.

“ही तर आई आहे!”

“शिशुधान प्राणी (पोटावरच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा). हिचं नाव डनार्ट. कुल (जवळच्या नातलगांचा गट) डॅस्युरिडी. उंदरापेक्षा कांगारू हिला जवळचा. दिसते उंदरासारखी, कारण दोघांनाही गवतात लपतछपत जगायचं असतं. सारखं जगणं सारखं रूप घडवतं. नातं मात्र दात, पाय, पिशवी सांगतात. आणि शंका आलीच, तर डीएनए.”

केतकी हळूच म्हणाली, “काल पेटीत गेलेल्यांचं काय?”

आजोबांनी कप खाली ठेवला. “काही डनार्ट असतील. टिपण्याला बाहेरचं रूप बघून ओळखायला मीच शिकवलं. चूक माझी.”

“मग आज नवीन शिकवू!”

तासभर केतकी सांगत होती आणि टिपण्या भिंगातून दात मोजत होता. उरलेल्या एकोणीस पिंजऱ्यांत आणखी दोन डनार्ट निघाले. तिघांनाही त्यांनी दगडांच्या कपारीपाशी सोडलं. आई क्षणात गवतात दिसेनाशी झाली.

“माहिती पाठवू?” टिपण्याने विचारलं. “या भागात माझ्यासारखे चारशे यंत्रमानव आहेत.”

आजोबांनी केतकीकडे पाहिलं.

“सगळ्यांना पाठव,” ती म्हणाली. “आत्ताच!”