बाबांचा आवाज आणि हेडफोनवाला

"ओ मॅडम, टाळ्या जरा हळू वाजवा नं!"

बेसा गावातल्या भीमगीतांच्या मंडपात मी बाबांच्या मागे कोरसला बसले होते, आणि हा कोण कुठला पोरगा, कानांवर हेडफोन चढवून मलाच टाळ्या शिकवत होता!

"कोरसवाल्यानं टाळ्या नाही वाजवाच्या, तं का भजे तळाचे?"

तो हसला… आणि माझी पुढची ओळ चुकली.

अंकुश त्याचं नाव. नोकरी सांभाळून जुन्या भीमगीत गायकांची गाणी रेकॉर्ड करायचा, त्यांना कार्यक्रम मिळवून द्यायचा. स्वतःचं नाव मात्र कुठेच टाकायचा नाही. माझ्या बाबांच्या, म्हणजे गायक बबनरावांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी यायचा. एकेक गाणं मशीनमध्ये उतरत गेलं, आणि मी चहात दोनदा साखर टाकू लागले.

"आज गोड झाला नं खूप," असं म्हणत तो अख्खा कप संपवायचा.

आमच्याकडे गाणं आवडलं की श्रोते पेटीवर दहाची नोट ठेवतात. गायक गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारतो. रेकॉर्डिंगची पार वाट! ऑपरेशनआधीच्या शेवटच्या कार्यक्रमात अंकुशने हात जोडले, "काका, हे एक गाणं मधात थांबवू नका जी." बाबा कबूल झाले.

बाबा गात होते आणि हा खांबाआड उभा राहून डोळे पुसत होता. त्याच्यासाठी कोण टाळी वाजवणार? मला राहवलं नाही. उठले, पेटीवर नोट ठेवली, बाबांच्या कानात पुटपुटले.

बाबा थांबले. "अंजूकडून… आमचे आवाज जपणाऱ्या अंकुशले सप्रेम भेट!"

शिट्ट्याच शिट्ट्या! अंकुश लालबुंद.

"काहून केलं असं?" वायर गुंडाळताना तो म्हणाला. "एक गाणं सलग पाहिजे होतं मले."

"मंग कापून टाक तेवढं."

त्याने वायर पिशवीत भरली.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले, आवाज गेला. घरी आल्यावर अंकुशने तेच गाणं लावलं. आणि मध्येच… "अंजूकडून…" त्याने एक अक्षरही कापलं नव्हतं! मी ढसाढसा रडले. या माणसाचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

बाबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि नुसतेच ओठ हलवले.

"का म्हणून राहिले काका?" त्याने मला विचारलं.

"आभार मानून राहिले. अन् म्हणतेत, रविवारी आईले घेऊन ये."

"हे काका म्हणून राहिले… का तू?"

मी खाली पाहिलं. बाबा मात्र जोरजोरात मान हलवत होते.