खाजणाची चव

नोव्हेंबरात इंग्लंडातल्या नॉरिचला दुपार अशी होतच नाही. सकाळ धुक्यात उगवते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत रस्त्यावरचे दिवे परत लागतात. त्या दिवशीही मेरियल थर्टल रोजच्यासारखी मासळीवाल्याकडून शिंपल्यातल्या तिसऱ्या घेऊन आली, बाहीवरचं दव झटकलं आणि किचनमध्ये शिरली. नदीकाठच्या तिच्या रेस्टॉरंटला खाणावळी पारखणाऱ्या नावाजलेल्या गाइडचा तारा होता. त्या ताऱ्यासाठी लोक लंडनहून यायचे आणि महिनाभर आधी टेबल राखून ठेवायचे.

आणि हे रेस्टॉरंट चालवणाऱ्या बाईला वसंतापासून कशाचीच चव कळत नव्हती.

विल्फच्या अंत्यविधीवरून ती परतली ती तापाने फणफणतच. बरी झाली, पण तोंडात नुसती राख. साखर काय, मीठ काय, सगळं सारखंच. विल्फ ॲस्टली तिचा किचनमधला जुना जोडीदार. समुद्रकाठच्या खाजणात, दलदलीत, सॅम्फायरची खारट भाजी खुडायला गेला आणि भरतीने त्याला गाठलं. हाती लागला तो एक बूट, पेटी रिकामीच पुरली. सॉस सगळे त्याचे असायचे. तारा मिळाला तोही, खरं बोलायचं तर, त्याच्या जिभेवर.

मेरियलने हे कुणाला सांगितलं नव्हतं. शेफने चव गेली म्हणून सांगायचं, मग शेफ कसली? तारा जाणार, दाराला कुलूप लागणार आणि किचनमधली सगळी माणसं रस्त्यावर येणार. तिने एक युक्ती काढली होती. हाताखालच्या ब्रिजेटला प्रत्येक सॉस आधी चाखायला लावायचा आणि तिच्या भुवयांकडे बघायचं. भुवया हलल्या नाहीत की आपणही चमचा तोंडाला लावून मान डोलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसंच चाललं होतं.

मग क्लाइव्ह आत आला. बाहेरची टेबलं तो सांभाळायचा आणि एरवी त्याच्या आवाजाने भांडी वाजायची. आज तो कुजबुजत होता.

"शेफ, खिडकीपाशी एक बाई बसल्यात. एकट्याच. पूर्ण मेनू सांगितलाय. हातमोजे काढले नाहीत अजून."

"गाइडवाली?" ब्रिजेटने विचारलं.

"कपाळावर लिहिलेलं असतं का गं?"

दुपारी एकट्याने येऊन पूर्ण मेनू मागणारा माणूस गाइडचा परीक्षकच असणार, असं या धंद्यात लहानथोर सगळेच धरून चालतात. आणि परीक्षकाच्या ताटाला मुख्य शेफशिवाय कुणी हात लावायचा नाही, चमचासुद्धा नाही, हा मेरियलचाच नियम. जीभ धडधाकट होती तेव्हा केलेला. आता तोच तिच्या गळ्याशी आला.

तिने तिसऱ्यांच्या सॉसमध्ये चमचा बुडवला, तोंडात घातला. काही नाही. कोमट पाणी.

"ब्रिजेट, जरा हे..."

"नाही हं, शेफ." ब्रिजेट हसत मागे सरली. "तुमचाच नियम. मला नाही बोलणी खायची."

मेरियल पातेल्यावर वाकून उभी राहिली. डोक्यावरच्या पंख्याची घरघर दूर गेल्यासारखी झाली. शेगडी भडकलेली होती, तरी मानेवर गार वारा आला.

"मीठ कमी आहे..."

अगदी कानाशी. घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज. तिने वळून पाहिलं, मागे नुसती भिंत. पण तो आवाज तिने शंभरांत ओळखला असता. भीती वाटली, फार वाटली. पण बाहेर बसलेल्या त्या बाईची भीती त्याहून मोठी होती.

तिने मीठ घातलं.

"अजून..."

"विल्फ," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "नक्की ना?"

"अजून, मेरियल... अजून..."

ती घालत गेली. मग सॅम्फायरची मूठ, मग परत मीठ. तो थांब म्हणेपर्यंत.

"आता बरोबर... पाठव."

ताट गेलं. परत आलं ते लख्ख.

"पावाने पुसून खाल्लं!" क्लाइव्हला उकळ्या फुटत होत्या. "सॉस अजून मागतायत!"

मेरियलने राहिलेल्यातला निम्मा वाटीत ओतून दिला. किचनमधली पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. मेरियलने एप्रनने डोळे पुसले. मेला तरी माझ्या मदतीला आला, असं तिला वाटलं आणि विल्फची इतकी आठवण आली की छाती दुखली.

थोड्या वेळाने क्लाइव्हने निरोप आणला. "गेल्या बाई. खुर्चीखाली चिखलाचं थारोळं ठेवून. म्हणाल्या, शेफना सांगा, घरची आठवण झाली."

"बघू तरी काय जादू केलीत," म्हणत ब्रिजेटने पातेल्यात चमचा घातला. पुढच्या क्षणी ती बेसिनवर वाकून थुंकत होती.

"शेफ... हे काय आहे? नुसतं मीठ... आणि चिखल... काहीतरी कुजल्यासारखं..."

क्लाइव्हने बोट लावून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पण त्यांनी तर... परत मागून घेतलं..."

सगळे मेरियलकडे बघत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने बोट पातेल्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

आणि तिला चव लागली.

इतक्या महिन्यांनी, पहिल्यांदा. खारट, गार, ओहोटीनंतरच्या खाजणातल्या काळ्या चिखलाची, कोवळ्या हिरव्या देठांची. जीभ जागी झाली, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांतून धारा लागल्या. जन्मात तिने इतकं गोड काही खाल्लं नव्हतं.

"शेफ, थुंका ते," ब्रिजेट म्हणाली. "शेफ... ऐकताय ना?"

मेरियलने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं.