कॉटखालचा पुठ्ठा

गाडीची तेलगळती शोधावी ती हिरामणनेच, हे पाथर्डी फाट्यावर कुणीही सांगेल. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताला गुण. "पंपच गेलाय बहुतेक," असं गिऱ्हाइकाने म्हणायचा अवकाश, की हा म्हणणार, "मग तूच खोल की, मी चहा पिऊन येतो." त्याची रीत ठरलेली. गाडीचं खालचं अंग धुऊन कोरडं करायचं, पाइपांवर टाल्कम पावडर मारायची आणि खाली कोरा पुठ्ठा अंथरायचा. पावडर ओली होईल तिथे रोग, पुठ्ठ्यावर डाग पडेल तिथे पुरावा. "मानूस खोटं बोलतो," तो म्हणायचा, "पुठ्ठा नाय बोलत."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी इंदिरानगरच्या मालिनीताई त्यांची घरगाडी घेऊन आल्या. वीस वर्षांची मिनीबस, आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, भांडी घासायला एवढंसं बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. त्यांचे यजमान बाळाजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती हौसेने विकत घेतली होती. दोघांनी मिळून सगळा कोकण किनारा पालथा घालायचा बेत होता. पण दिवाळीत बाळाजींना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, पाठोपाठ किडन्याही थकल्या. आता डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची बोलू लागले होते.

"त्यांना एकदा समुद्र दाखवायचाय, हिरामणभाऊ," मालिनीताई म्हणाल्या. "मागच्या बिछान्यावर झोपवून नेऊ. पण स्टेअरिंग इतकं जड होतं की मला वळवतच नाही. स्टेअरिंगचं तेल भरलं तरी दोन दिवसांत त्याची टाकी रिकामी."

"रविवारी सकाळी निघू, ताई. मी सोता चालवतो," हिरामण बोलून गेला. "तेल पळून पळून जाईल कुठं? धरतोच त्याला."

मंगळवारी पुठ्ठा कोरा. बुधवारीही कोरा. पावडर जशी मारली तशी पांढरीफेक. आणि टाकी पाहावी तर रोज तेल चार बोटं उतरलेलं! त्याने मालिनीताईंना बोलावून सीटवर बसवलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि स्वतः गाडीखाली आडवा झाला. "पार डावीकडं... आता पार उजवीकडं... तसंच धरा." लोखंड करकरलं, पण पाइपाच्या एकाही सांध्यातून टिपूस निघालं नाही. पंचवीस वर्षांत हिरामणवर अशी पाळी आली नव्हती. त्याला गाडीचा राग आला, मग स्वतःचा.

गुरुवारी दुपारी तो इंदिरानगरला गेला. रविवारचं काही खरं नाही, हे तोंडावर सांगून टाकावं, असं ठरवूनच गेला होता.

बाळाजी बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर झोपले होते. झोपेतच त्यांचे दोन्ही हात छातीसमोर उचललेले होते, काहीतरी गोल धरल्यासारखे, आणि ते सावकाश वळत होते. उजवा हातसुद्धा. दिवाळीपासून ज्या हाताने चमचा उचलला नव्हता, तोच.

"रोज तीन ते चार हे असं चालतं," मालिनीताई हळूच म्हणाल्या. "जागे झाले की हात पुन्हा पडतो."

चार वाजता बाळाजींनी डोळे उघडले. "हिरामण, घोटीपर्यंत आलो रे आज. पण वळणावर फार जड जातंय."

"काय साहेब, मला न सांगताच निघाले व्हय?" हिरामण हसला. ते हसू त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

मालिनीताईंनी त्याला खूण करून कॉटखाली वाकायला लावलं. पांढऱ्या फरशीवर लालसर डाग होता. "आधी वाटलं औषध सांडतंय. रोज पुसते, रोज पडतं."

त्याने बोट टेकवलं, चोळलं, नाकाशी नेलं. स्टेअरिंगचंच तेल. त्याने सोमवारी स्वतःच्या हाताने ओतलेलं.

"माझ्या चपलेला लागून आलं असंल," तो म्हणाला. चपला दाराबाहेर होत्या. दोघांनीही तो विषय वाढवला नाही. मग हिरामणने त्याला येत होतं तेवढंच केलं. माळ्यावरचं टीव्हीचं खोकं मागून घेतलं, फाडून सपाट केलं आणि त्याचा पुठ्ठा कॉटखाली सरकवला.

शुक्रवारी त्या पुठ्ठ्यावर अकरा थेंब होते, बरोबर बाळाजींच्या हातांखाली. गॅरेजमधला पुठ्ठा कोरा, टाकी चार बोटं खाली.

"इगतपुरी ओलांडली!" बाळाजी सांगत होते. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा फुललेला कुणी पाहिला नव्हता. "उद्या कसारा घाट. घाट उतरलो की पुढे सपाटच आहे सगळं."

मालिनीताई दारापर्यंत आल्या. "भाऊ, आता काही शोधू नका. फक्त टाकी भरलेली ठेवा. एवढा घाट उतरू दे त्यांना."

"भरतो ताई," हिरामण म्हणाला. आणि लगेच जाऊन त्याने टाकी काठोकाठ भरलीही.

पण शनिवारी उजेडात त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण लोखंडात जन्म काढला आणि आता झोपेतल्या बडबडीवर तेल ओततोय? उद्या खरोखरच्या घाटात खरोखरचं स्टेअरिंग अडकलं तर तिघांचा जीव जाईल. त्यापेक्षा सगळे पाइप, सगळी सीलं नवीच घालू. गळती सापडो न सापडो. त्याचं चुकत होतं असं कोण म्हणेल? मेकॅनिकने दुसरं काय करायचं असतं?

पाइप यायला मात्र तीन वाजले. काम अर्ध्या तासाचं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, क्षणभर थांबला, स्वतःला एक शिवी हासडली आणि गाडीखाली शिरला. जुनं तेल आधी काढायचं, मग हात घालायचा, ही त्याची कायमची पद्धत. त्याने पाइप सोडला. लाल तेल भळाभळा घमेल्यात पडलं.

शेवटची धार तुटली आणि वर स्टेअरिंग करकरलं.

गाडी बंद होती. किल्ली त्याच्या खिशात होती.

"कोन हाय?"

डोक्याजवळचा स्टेअरिंगचा दांडा हिसका देऊन डावीकडे सरकला आणि अडला. पुन्हा हिसका. पुन्हा अडला. वर कुणीतरी जिवाच्या आकांताने स्टेअरिंग ओढत होतं आणि ते वळत नव्हतं.

हिरामण सरपटत बाहेर आला. सीटवर कुणी नव्हतं. त्याने तेलाचा डबा उचलला, टाकीत उपडा केला. पाइप सोडलेलाच होता. जेवढं ओतलं तेवढं खालून वाहून गेलं.

"थांबा साहेब! थांबा जरा!" तो रिकाम्या गाडीला ओरडून सांगत होता.

दांडा एकदाच जोरात थरथरला.

मग सगळं शांत झालं.

दहा मिनिटांनी मालिनीताईंचा फोन आला. "भाऊ, हे गेले." तेवढंच.

मुलगा तनय बंगळूरहून निघाला होता. त्याची वाट पाहत सगळे बसून राहिले. तो पोचल्यावर अंघोळ घालायला पुरुषमाणसं कमी पडली, म्हणून शेजारच्या दोघांनी हिरामणलाही हाक मारली. त्यांनी सदरा काढला. बाळाजींच्या उजव्या खांद्यापासून छातीवरून डाव्या कुशीपर्यंत जांभळा पट्टा उमटला होता, तीन बोटं रुंद, सरळ कडांचा.

"झोपेत काहीतरी रुतलं असेल," शेजारी म्हणाले.

हिरामणने अपघातातल्या गाड्यांतून माणसं काढली होती. ड्रायव्हरच्या अंगावर सीटबेल्ट कुठल्या खांद्यावरून रुततो आणि शेजारी बसलेल्याच्या कुठल्या, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. हातातला तांब्या खाली ठेवून तो बाहेर आला. आपण या माणसाला मारलं, याखेरीज त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मालिनीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"टाकी भरलेली होती ना, भाऊ?"

त्याने मान खाली घातली.

"मी त्यांच्याजवळच बसले होते," त्या म्हणाल्या. "जरा डोळा लागला, तेवढ्यात झालं."

त्यांनी घसरलेला पदर खांद्यावर ओढून घेतला. ओढताना गळ्याच्या डाव्या बाजूने खाली ब्लाउजमध्ये उतरत गेलेला पट्टा हिरामणला दिसला. तो अजून लाल होता.