उजवं पाऊल

गंजगोलाईच्या बाजारातल्या साडीच्या दुकानाशी अक्षरानं बूट काढले, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि… पाय तिथंच अडून बसला!

अपघातानंतर तिच्या उजव्या पायात जोर उरला नव्हता. मांडीपासून पावलापर्यंत बांधायचा मोटारीचा सांगाडा परवाच नांदेडहून बसवून आणला होता. घरात सगळे त्याला मशीन म्हणत. ते मशीन आता गुडघा वाकवून ढिम्म उभं होतं. आत पांढऱ्याशुभ्र गाद्या, मागं बायकांची रांग, आणि उंबऱ्यात ही अशी अडकलेली.

"आधी बूट घाला," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याबिगर ते हलायचं न्हाई."

"आणि गादीवर बूट घालून गेले तर दुकानदार ओवाळील का मला?"

तो हसला. खाली बसून त्यानं उजवा बूट तिच्या पावलात सरकवला. टिक् झालं, गुडघा शहाण्यासारखा सरळ झाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ह्या गुडघ्याचा बाप मीच हाय. वैजनाथ. गाव लोहा. नांदेडच्या कारखान्यात ही मशिनं जुळवतो, मामाकडं आलतो." त्यानं तिच्या पावलाकडं पाहिलं. "तुमच्या पायाचा प्लास्टरचा साचा दोन महिने माझ्या टेबलावर होता. अंगठ्याशेजारचं बोट मोठं. आमची आय म्हणती, असल्या पोरी नवऱ्याला लई वाकवतात."

"आणखी काय सांगितलं साच्यानं?"

"चेहऱ्याचं कायबी सांगितलं न्हाई… तेवढी फसवणूक केली बघा."

अक्षराचे कान तापले. चिडायला हवं होतं, पण चिडता येईना. मग तिनं विषय बदलावा म्हणून खरं तेच सांगून टाकलं. रविवारी धाकट्या शिल्पाचं लग्न होतं. करवली म्हणून दिवा घेऊन नवरीच्या मागं उभं राहायचं, हा दोघी बहिणींचा लहानपणापासूनचा करार. पण मंडपात बूट कसा चालणार? नातेवाइकांनी तर तिच्यासाठी कोपऱ्यात खुर्चीही ठरवून टाकली होती.

वैजनाथनं कपाळावर हात मारला. "पाऊल टेकलं हे मशीनला सांगणारा सेन्सर मी बुटाच्या तळात बसवला. दिवसातून दहा येळा चपला काढतो, पण हे ध्यानातच आलं न्हाई! रविवारपर्यंत करतो कायतरी."

मग फोन सुरू झाले. पहिल्या फोनला त्यानं टाचेची रुंदी विचारली. दुसऱ्याला, चालताना दुखतं का. तिसऱ्याला, "जेवलात का?"

"त्याचा सेन्सरशी काय संबंध?"

"सगळं तपासून घ्यावं लागतं… काय करून राहिलात?"

"तुमच्या फोनची वाट बघून राहिले," ती पटकन म्हणून गेली. पलीकडं काहीतरी खळ्ळकन पडल्याचा आवाज आला. अक्षराला त्या दिवशी भातात मीठ टाकल्याचंही आठवलं नाही.

रविवारी मुहूर्ताला दहा मिनिटं उरली तरी वैजनाथचा पत्ता नव्हता. नागम्मानं, म्हणजे अक्षराच्या आईनं, खुर्ची पुढं सरकवली. "बस गं बाई. शिल्पा समजून घेईल."

अक्षरा बसली. डोळे भरून आले होते. तेवढ्यात मंडपाच्या दारात चपला भिरकावत, घामाघूम वैजनाथ धावत आला.

"बस लोह्यातच पंक्चर झाली!" असं म्हणत तो तिच्या पायाशी बसला. मंडपभर नजरा वळल्या.

"कोण हाय रे बाबा तू?" नागम्मानं विचारलं.

"आई, हा गुडघ्याचा बाप," अक्षरा म्हणाली, आणि रडता रडता हसली.

वैजनाथनं तिचा उजवा बूट काढला. सेन्सर शिवलेली कापडाची पातळ पट्टी तळव्याखालून घेऊन घोट्याशी बांधली. टिक्! अक्षरा उठली. दिवा हातात घेऊन, अनवाणी, एक एक पाऊल टाकत ती शिल्पाच्या मागं जाऊन उभी राहिली. नवरी मान वळवून रडायला लागली, तशी बायका ओरडल्या, "अगं पुढं बघ, पुढं!"

अक्षता पडल्या. पोरींनी नवरदेवाचे जोडे पळवले. अक्षरा खुर्चीपाशी परत आली, तर तिचाही उजवा बूट गायब!

वैजनाथ खांबाला टेकून उभा होता, हात पाठीमागं.

"बूट द्या."

"असा कसा? रिवाज हाय. मागीन ते द्यावं लागंल."

"काय पाहिजे?"

त्याचा थट्टेचा सूर एकदम उतरला. "लोह्याला आमच्या घराचा उंबरा जरा उंच हाय. तुमचा गुडघा तेवढा उचलतो का, ते… एकदा बघायचं होतं. म्हणजे… कायमचं."

अक्षराला आतून सुखाचं भरून आलं. तिनं खाली, पट्टी बांधलेल्या पावलाकडं पाहिलं.

"नवी नवरी घरात कुठलं पाऊल आधी टाकते, ठाऊक आहे ना?"

"उजवं," तो म्हणाला.

"मग मशीन नीट तपासून ठेवा," ती म्हणाली, आणि बुटासाठी हात पुढं केला.

त्यानं बूट दिला नाही. हातच धरला.