टाळ्यांनी मंदावलेला पाहुणा

इतकं गोड गाणाऱ्या पाहुण्यासाठी टाळ्या वाजवल्या, तर तो विझू का लागावा?

शाल्मलीचे हात हवेतच राहिले. पहिली टाळी तिचीच होती. मग गगनबावड्याच्या ग्रहमैत्री केंद्रातल्या साठही मुलांनी कडकडाट केला, आणि दूरच्या ग्रहावरून आलेला, कंदिलासारखा उजळणारा निळा उलो मंचावरच अंग चोरून बसला. त्याचा उजेड मंद मंद होत गेला. त्याच्या गळ्यातल्या दुभाषी यंत्रातून (एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारं यंत्र) एवढंच ऐकू आलं, "यान बोलवा. मी जातो. परत नाही येणार."

टाळ्या थांबल्या.

"मावशी, मी काय केलं गं?" शाल्मलीने विचारलं.

मुक्तामावशी केंद्रात भाषांचा अभ्यास करायची. ती उलोशेजारी जमिनीवरच बसली. "काय झालं, बाळा?"

"काल गच्चीवर सांडगे वाळत होते," उलो म्हणाला. "चिमण्या आल्या. हिने टाळी वाजवली. चिमण्या गेल्या. आज माझ्यासाठी वाजवली. साठ जणांनी."

शाल्मलीला कालची गच्ची आठवली. खरंच की, बिचाऱ्याने टाळी ऐकली होती ती तेवढी एकच.

"एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढलास रे (निष्कर्ष म्हणजे पाहिल्यावरून लावलेला अर्थ)," मावशी हळूच म्हणाली. "भले भले शास्त्रज्ञ फसतात तिथे. हे बघ, दोन तळव्यांत कोंडलेली हवा झटकन बाहेर पडते, तो हा आवाज. संस्कृतात हातांच्या अशा ठेक्याला ताल म्हणत. आपली टाळी त्यातूनच आली असं मानतात, भजनातले टाळही. ही झाली व्युत्पत्ती (शब्द कुठून आला त्याचा माग). त्यात हाकलणं कुठे आहे? आहे तो नुसता ठेका. पुढे माणसांनी त्याला कामं लावली. कोणी पाखरं उडवतं, कोणी आरतीला साथ करतं, कोणी कौतुक करतं."

"मग ओळखायचं कसं?" उलोने विचारलं.

"तोंडाकडे बघून," शाल्मली म्हणाली. "चिमण्या उडवताना मी हसत होते का?"

"नाही. भुवया अशा होत्या." उलोने कपाळाला आठ्या घातल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं. पण उजेड काही वाढेना.

नुसतं सांगून भागणार नाही, हे शाल्मलीला उमगलं. ती पुढे झाली आणि तिने तळहात समोर धरला.

"आमच्यात टाळी देतातसुद्धा. मन जुळलं की एकमेकांच्या हातावर. ज्याला हाकलायचं, त्याच्यापुढे कोणी असा हात करत नाही."

उलोने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. मग त्याने आपल्या चार हातांपैकी एक उचलला. थप. मऊसा आवाज झाला आणि निळा उजेड त्याच्या बोटांतून वर चढू लागला.

"यान बोलवायचं?" मावशीने विचारलं.

"थोडं थांबू दे. गाणं पुन्हा म्हणतो, तुम्ही ठेका धरा." उलोने आपले चारही तळवे निरखून पाहिले. "आमच्या ग्रहावर इतके हात आहेत, पण टाळी नाही. जाताना घेऊन जाईन."