अकरा गाणी आणि हिरवी पट्टी

ओस्वाल्दोला एक वाईट खोड आहे. काम अर्धं झालं की हात झटकतो आणि म्हणतो, "झालं!" नळ दुरुस्त केला, "झालं!" संध्याकाळी स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. खुराड्याला दार बसवलं, "झालं!" सकाळी सगळ्या कोंबड्या शेजाऱ्यांच्या केळीत. चाळिशी उलटली, पण खोड जात नाही. माझाच मुलगा, बोलणार कुणाला?

त्या शनिवारी त्याने कॉम्प्युटरला हात घातला.

घरातला कॉम्प्युटर जुना, त्यातली डिस्क गच्च भरलेली. बटण दाबून कॉफी करावी, पिऊन कप धुवावा, तरी तो जागा व्हायचा नाही. म्हणून ओस्वाल्दोने डिस्कांचा धंदा करणाऱ्या नीकोकडून मोठी डिस्क आणली. बदल्यात जुनी डिस्क नीकोला द्यायची, असा सौदा.

"काका, आधी सगळ्याचा बॅकअप घेतलास ना?" यायलेनने विचारलं. यायलेन माझी नात, तेरा वर्षांची. सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ दायरोन माझ्याकडेच असतात.

"घेतला! नव्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकली आणि बॅकअप आत ओतला. विश्वास नाही? हे बघ!"

त्याने पडद्यावरच्या 'आजोबा' फोल्डरमधल्या एका चित्रावर टिचकी मारली. खोलीत एवेलियोचा आवाज घुमला.

एवेलियो माझा नवरा. समोर माणूस बसला की त्याच्यावर उभ्या उभ्या दहा ओळी जुळवायचा आणि गिटारवर गायचा. आवडलेली गाणी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा गायचा, पण कागदावर कधी काही उतरवलं नाही. त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात यायलेनने फोनवर त्यातली अकरा गाणी रेकॉर्ड केली. पुढे तो फोन मेला, एवेलियोही गेला. गाणी तेवढी या कॉम्प्युटरमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन वर्ष होणार होतं आणि सगळी गल्ली ती ऐकायला येणार होती.

"झालं!" ओस्वाल्दो म्हणाला. जुनी डिस्क उपटून खिशात कोंबली आणि गेला नीकोकडे. तिथून डॉमिनो खेळायला!

जेवणं झाली. यायलेन गाणी लावून बघायला बसली. शेजारचा लेदुआनही आला. तो बारा वर्षांचा आहे, पण बोलतो साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासारखं.

टिचकी. पडद्यावर अक्षरं आली: फाइल सापडत नाही.

दुसरं गाणं. तेच! तिसरं. तेच!

"ताई, हे बघ!" दायरोन ओरडला. "अकरा गाणी, आणि सगळ्यांचं मिळून वजन आपल्या मांजरीच्या एका फोटोपेक्षा कमी!"

"असं कसं? सकाळी तर वाजलं!"

लेदुआन पडद्याला नाक लावून बघत होता. "प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बाण आहे. म्हणजे ही गाणी नाहीतच, बाईसाहेब! गाणी कुठे ठेवलीत ते सांगणाऱ्या नुसत्या पाट्या! काकांनी पाट्यांचा बॅकअप घेतला."

यायलेन पांढरीफटक पडली. "आणि सकाळी वाजलं, कारण जुनी डिस्क तेव्हा शेजारी जोडलेलीच होती! गाणं तिच्यातून येत होतं!"

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण पोरीचा चेहरा कळतो. मी हातातला तांदूळ तसाच टाकला.

तिघं धावत डॉमिनोच्या टेबलापाशी गेली.

"काका, ऊठ! आजोबांची गाणी जुन्या डिस्कवर राहिली!"

"काही राहिलेलं नाही. मी स्वतः तपासलं. बाजूला व्हा, मी जिंकतोय!"

"नीकोला सांग ना, पुसू नको म्हणून!"

"संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी! पोरांनी घोडागाडी पकडली आणि तडक नीकोचं घर गाठलं. इंटरनेट आमच्याकडे असून नसल्यासारखं. म्हणून हवानाहून दर आठवड्याला मालिका-सिनेमांचा गठ्ठा येतो आणि नीको तो लोकांच्या डिस्कांवर भरून देतो. दारात ही रांग!

"आमच्या काकांची डिस्क कुठे आहे?" यायलेनने धापा टाकत विचारलं.

नीकोने बोट दाखवलं. डिस्कला वायर लावलेली होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. अर्ध्याच्या पुढे गेली होती.

"पुसली आणि आता मालिका भरतोय. चार वाजता रेमेदियोस गावाचा माणूस न्यायला येईल."

"थांबवा! पुसलेलं लगेच जात नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं तरच जातं! आमच्या आजोबांचा आवाज आहे त्यात!"

"सौदा झाला, पोरी. डिस्क आता माझी."

यायलेनचा हात वायरीकडे गेला.

"खबरदार! लिहिता लिहिता ओढलीस, तर डिस्कच मरेल. आजोबांसकट!"

तिचा हात खाली आला. ओढावी तरी भीती, सोडावी तरी भीती. पट्टी आणखी बोटभर सरकली. दायरोन रडायला लागला.

"लेदुआन, काहीतरी कर!"

लेदुआनने रांगेकडे तोंड फिरवलं आणि मोठ्याने विचारलं, "नीकोकाका, कुणाचीही डिस्क आली की तुम्ही आत काय आहे ते न बघताच पुसता का हो?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. एका बाईने आपली डिस्क छातीशी धरली. मागून कडक टोपी घातलेली म्हातारी पुढे आली. "कुणाचा आवाज म्हणालीस, पोरी?"

"एवेलियो. आमचे आजोबा."

"एवेलियो! माझ्या लग्नात गायला होता, माझ्या नवऱ्याच्या नाकावर! नीको, लाज वाटते का तुला? थांबव ते!"

नीको खजील झाला. त्याने बटणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात पंखा थांबला. पडदा काळा झाला. वीज गेली!

सगळी रांग विजेच्या नावाने बोटं मोडायला लागली. पट्टी थांबली होती खरी, पण डिस्क जिवंत होती का मेली होती? वीज येईपर्यंत कोण सांगणार? तिघं पायरीवर बसून राहिली. चार वाजले. रेमेदियोसचा माणूस आला आणि शिव्या देत गेला. पाच वाजले. करण्यासारखं काहीच नव्हतं.

सहाला वीज आली. डिस्क गुरगुरली!

"आता तिच्यावर काही लिहू नका," यायलेनने बजावलं. "सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा."

"कुणी शिकवलं तुला?"

"शाळेतल्या बाईंनी."

नीको शोधत गेला. एक गाणं मिळालं. दोन. तीन. चार. मग रडणाऱ्या नायिकेची मालिका लागली, आणि पुढे शेवटपर्यंत तीच. अकरापैकी सात गाणी तिच्याखाली गेली होती.

नीको स्वतः पोरांना सोडायला घरी आला. टोपी काढून म्हणाला, "ओर्तेन्सियाबाई, मी वीस वर्षं हेच काम करतो. पण या तिघांएवढं डोकं मी आज वापरलं नाही."

मी तिघांना जवळ घेतलं. "चार आणलीत! तुम्ही नसता, तर उद्या मी गल्लीला काय, ती नायिका ऐकवणार होते?"

यायलेनचे डोळे भरले. "पण आजी, सात गेली गं."

ओस्वाल्दो दारात उभा होता. डॉमिनो जिंकून आलेला. चेहरा मात्र हरलेल्याचा. त्याने तोंड उघडलं. मी हात वर केला.

"आज तू बोलायचं नाहीस, ओस्वाल्दो. लहानपणी रोज बापाच्या पायाशी बसायचास. ती सात गाणी तुझ्या डोक्यात आहेत, तिथून अजून कुणी पुसलेली नाहीत. बस त्या खुर्चीत आणि गा. आवाज बेडकाचा असला तरी चालेल. यायलेन नव्या फोनवर रेकॉर्ड करील. आणि 'झालं' तू म्हणायचं नाहीस. ती म्हणेल, तेव्हाच उठायचं."